कोंबडा आणाल हो, पण त्याच्या पोरांचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून हे पत्र आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई, त्यांचे यजमान आणि सहा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी डोंबिवलीहून गावच्या घरी राहायला आले. सासूबाई आधीपासून गावातच आहेत. घरामागे माड, थोडी हापूसची कलमं, मग चिऱ्याचा गडगा, आणि गडग्यापलीकडे चुलत दिरांचा होमस्टे. बाईंना घरची अंडी हवीत, जमलं तर थोडी विकायचीही आहेत. त्यांनी एका विक्रेत्याकडे गिरिराज या संकरित जातीची चाळीस पिल्लं आणि दोन मोठे कोंबडे सांगून ठेवले, पाचशे रुपये आगाऊही दिले. माल मेच्या शेवटच्या आठवड्यात येणार आहे.

घोडं अडलंय ते कोंबड्यावर. दीर म्हणतात, पहाटे आरवला तर माझी गिऱ्हाइकं पळतील. सासूबाई म्हणतात, 'कोंबो नाय तर गुडो कित्याक?' म्हणजे कोंबडाच नसेल तर खुराडं तरी कशाला? घरातून दरवर्षी राखणीला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाचा मान म्हणून, कोंबडा द्यावा लागतो, तो घरचाच असावा असं त्यांना वाटतं. बाईंची अट अशी की बाहेरून आणलेलं मटण-चिकन चालेल, पण आपण वाढवलेलं एकही पाखरू कापायचं नाही. मुलाला ते सहन होणार नाही. त्यांनी विचारलंय: कोंबड्याशिवाय कोंबड्या अंडी घालतात का? कोंबडा ठेवायचाच तर किती कोंबड्यांमागे किती? आणि सासूबाईंना शास्त्रशुद्ध पद्धत पटवायची कशी?

उत्तर

ताई, सोपं आहे ते आधी सांगून टाकते. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वयात आली, पोटभर दाणा आणि पुरेसा उजेड मिळाला की ती अंडी घालायला लागते. शहरात ज्या पोल्ट्रीतून अंड्यांचे ट्रे जातात तिथे कोंबडे नसतातच. चवीत नि सत्त्वात फरक पडत नाही; फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. ओळखायचं असेल तर अंडं बशीत फोडा. बलकावर एक पांढरा ठिपका असतोच. तो नुसताच गच्च आणि वेडावाकडा दिसला तर अंडं रिकामं. ठिपक्याभोवती नीट गोल, फिकट कडं उमटलेलं असलं तर ते फलित.

प्रमाणाचंही उत्तर सोपं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोनतीनच कोंबड्या असतील तर एकटा कोंबडाही त्यांना जड होतो. वारंवार चढून त्यांच्या पाठीची पिसं उडवतो, कातडी उघडी पडते. लहान कळपात दोन कोंबडे ठेवू नयेत. ते भांडतात, आणि हरलेला कोंबडा दिवसभर कुठेतरी कोपऱ्यात उपाशी उभा राहतो.

आता पत्रात जे तुम्ही विचारलेलं नाही त्याकडे येते, कारण तुमचं सगळं त्यावरच अडलंय. कोंबडा घरात आला म्हणजे पिल्लं आली, आणि पिल्लांत निम्मे नर असणार. याला काही इलाज नाही. तुम्ही सांगितलेली चाळीस पिल्लंसुद्धा एक दिवसाची, नर-मादी एकत्र अशीच येतील. त्यातले वीसेक कोंबडेच निघतील. वर दोन मोठे वेगळे. म्हणजे पावसाळा संपेपर्यंत तुमच्या परसात वीसबावीस कोंबडे तुरे फुगवून एकमेकांवर धावत असतील, आणि घरात नियम असेल की एकही कापायचा नाही. मग ते जाणार कुठे? विकाल. विकत घेणारा त्याचं काय करणार, हे कोकणात कोणाला सांगायला नको. गटारीच्या आधी आणि शिमग्याला तर गावठी कोंबड्यासाठी लोक दारात येतात.

मी तुम्हाला टोचून बोलत नाही. तुमची अट मला पटते, पण ती पाळायची असेल तर ती आत्ताच, पहिल्या दिवशी, पक्ष्यांच्या संख्येत दिसली पाहिजे. यातले तीनच रस्ते सरळ आहेत. एक, नुसत्या कोंबड्या ठेवा, कोंबडा नको. दोन, कोंबडा ठेवा, पण अंडी रोज उचला आणि एकाही कोंबडीला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवू नका. मग कोंबडा घरात शोभेला आणि कळपावर नजर ठेवायला. तीन, पिल्लं काढा, नर विका, आणि ते कापले जाणार हे मुलापासून न लपवता सांगा. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. बाजारातून आणलेलं चिकन कुठून येतं हे तो आज ना उद्या विचारणारच आहे. चौथा रस्ता, म्हणजे पिल्लंही हवीत, नरही ठेवायचे आणि कापायचंही नाही, तो सहा महिन्यांत बंद पडतो.

राखणीचं मात्र वेगळं बघा. तुमच्या सासूबाईंना कोंबडा हवा तो अंड्यांसाठी नव्हे, हे त्यांनी साफच सांगितलंय. राखणदाराला दरवर्षीचा मान देणं हे त्यांच्या घराचं, भावकीचं देणं आहे. त्यांच्यापुढे जाऊन 'शास्त्रानुसार कोंबड्याची गरज नाही' असं म्हणण्यात काय अर्थ? त्यांचा मुद्दा तो नव्हेच. त्यांना एवढंच विचारा की राखणीचा कोंबडा घरचाच लागतो का, की विकत आणला तर चालतो. बऱ्याच घरांत तो आदल्या दिवशी बाहेरून आणतात, काही घरं नारळावर भागवतात. तुमच्याकडे काय चालेल हे सासूबाई आणि भावकी ठरवेल, मी नाही. पण बाहेरून आणलेला चालणार असेल तर घरातल्या एकाही पाखराला हात न लावता दोघींचं म्हणणं राहतं. हे बोलणं पिल्लं यायच्या आधी व्हावं. मुलाने एकदा कोंबड्याला नाव ठेवलं की मग घरात कोणाचंच कोणी ऐकणार नाही.

आता जातीविषयी. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली संकरित जात. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून आल्या. परसात सोडलेली गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. वनराज शंभराच्या थोडं वर जाते, ग्रामप्रिया दीडशेच्याही पुढे. आकडे बघून माणूस गिरिराज, वनराज मागवतो आणि सोबत कोंबडाही मागवतो, इथेच गफलत होते. या जाती संकराच्या आहेत. त्यांच्याच कोंबड्याने त्यांच्याच कोंबडीपासून झालेली पुढची पिढी आईबापांसारखी उतरत नाही. अंडीही कमी, वाढही असमान. शिवाय या कोंबड्या रवणीला बसायचं जवळजवळ विसरल्यात. मग गिरिराजाच्या कळपात कोंबडा ठेवून साधायचं काय? पहाटेची बांग, एवढंच.

कोंबडा शोभतो तो गावठी कळपात. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते. अंग फुगवून पेटाऱ्यात बसून राहते, हात घातला तर टोचते, 'क्लुक क्लुक' करत फिरते. तिच्याखाली दहाबारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं. ना दिवा, ना यंत्र. घार आली की पंखाखाली घेणं, वाळवी उकरून दाखवणं, सगळं तीच शिकवते. आणि इथे तुम्हाला एक सोपी युक्ती सांगते: पिल्लं हवीत म्हणून कोंबडा पाळायलाच हवा असं नाही. वाडीत ज्यांच्याकडे कोंबडा आहे त्यांच्याकडून फलित अंडी मागून आणा आणि तुमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवा. बदल्यात तुमची खायची अंडी द्या. कोकणात हा व्यवहार बायकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. सासूबाईंना विचारलंत तर कोणाच्या घरची अंडी 'लागतात' हे त्या नावानिशी सांगतील. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली करून ठेवा, फ्रिजमध्ये मुळीच नको. सातव्या रात्री अंधारात प्रत्येक अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय. आरपार स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. म्हणजे कोंबडीची ऊब वाया जात नाही.

आणखी एक. तुम्ही कोंबडा आणा न आणा, कोंबड्या मोकळ्या सोडणार असाल तर वाडीतला कोणाचा तरी कोंबडा गडगा ओलांडून येणारच आहे. त्याला कोणी आमंत्रण द्यावं लागत नाही. एकदा संग झाला की पुढे दोनेक आठवडे कोंबडी फलित अंडी घालू शकते. त्यामुळे 'आमच्याकडे कोंबडा नाही, आमची अंडी फलित नाहीत' असं ठामपणे गिऱ्हाइकाला सांगू नका.

दिरांच्या तक्रारीतही हेच विचारायचंय. वाडीत आज एकही कोंबडा आरवत नाही का? आरवत असेल तर त्यांची गिऱ्हाइकं तो रोज ऐकतातच. तरीही भिंतीपलीकडचा आवाज आणि शेतापलीकडचा आवाज यात फरक असतो हे खरं. कोंबड्याला अंधारात ठेवलं की तो गप्प राहील, ही आशा धरू नका. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की उजेड नसला तरी कोंबडा त्याच्या अंगच्या घड्याळाप्रमाणे पहाटेला आरवतोच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि झाकलेलं कोंबडंही गप्प बसत नाही. जाड भिंतीचा गुडा आवाज थोडा दाबतो, बस. तेव्हा गुडा गडग्यापासून लांब, तुमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला बांधा. दिरांशी बोलणं मात्र कोंबडा आणायच्या आधी करा, आणून मग नको. नाश्त्याच्या अंड्यांचा व्यवहारही त्याच बैठकीत काढा. होमस्टेला घरची अंडी लागतातच, नि ती गडग्यावरून मिळत असतील तर कोंबड्याची बांग जरा कमी ऐकू येते.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या तारखेची. मेच्या शेवटी एक दिवसाची चाळीस पिल्लं! पहिला आठवडा पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची. ही ऊब तुम्ही बल्बने देणार. जूनच्या पहिल्या वादळात माड तारेवर पडतो आणि वीज जाते ती कधी येईल हे कोणी सांगत नाही. ओल्या गारठ्यात पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. त्यातून वाचली तर तूस ओलं होतं नि रक्ती हगवण लागते. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. घाटावरच्या व्हिडिओत दाखवलेली पद्धत इथे तशीच चालत नाही. जुनी पाळणारी माणसंसुद्धा पावसात नवीन पिल्लं घेताना दहादा विचार करतात.

माझं सांगणं असं की या पावसाळ्यात कोंबड्या नकोत, गुडा बांधा. बांधून रिकामा ठेवा आणि पाऊस त्याच्यावर काय करतो ते बघा. पागोळीचं पाणी कुठे पडतं, झड कुठल्या बाजूने आत येते, जमिनीतून कुठे ओल चढते, हे एका आषाढात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पुस्तकात नाही. पाचसहा पक्ष्यांना रात्री राहायला चार फूट बाय चार फूट जागा पुष्कळ झाली, कारण दिवसभर त्या बाहेरच असणार. खाली चिऱ्याचा दीड-दोन फूट चौथरा, वर कोबा. मातीची जमीन ठेवलीत तर घुशी बिळं पाडून आत येतात. झड आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येते, त्या बाजूला भिंत पक्की आणि उघडी जाळी पूर्वेला. पत्रा दोन-तीन फूट पुढे काढा. आत दोन इंच जाडीची एक काठी आडवी, माणशी, म्हणजे कोंबडीमागे आठ इंच. अंड्यांसाठी फूटभर चौरस दोन खोकी, अंधाऱ्या कोपऱ्यात. खाली भाताचं तूस चार बोटं. ते मुठीत दाबून बघत जा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, वरखाली करून कोरडं तूस घाला. आणि गुड्यात कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घ्या. उभ्याने काही कळत नाही. खाली नाकात झोंबलं तर त्या रात्रभर तेच हुंगतायत.

जाळीवर पैसे वाचवू नका. बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून षटकोनी पातळ तारेची मिळते, ती कोंबड्या आत ठेवण्यापुरती. बाहेरच्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. रात्री येतात ते कांडेचोर आणि रानमांजर. ते कडी नीट नसली तर दार उचकटतात. दिवसा येतं मुंगूस, आणि तेही भरदुपारी, माणसं आडवी झाल्यावर. अजगर फटीतून आत शिरतो, कोंबडी गिळतो नि फुगलेल्या पोटाने त्याच फटीत अडकतो. असं झालं तर काठी घेऊन धावू नका. वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. घार फक्त लहान पिल्लांची शत्रू, त्यांच्यासाठी पहिले काही आठवडे डालगं बरं. इथे गावठी कोंबडीचा आणखी एक गुण कामी येतो: हलकी असते, कुत्रा मागे लागला तर उडून आंब्यावर बसते. वजनदार गिरिराज दोन पावलं धावते आणि सापडते.

यातलं काहीच तुमच्या संध्याकाळच्या हजेरीची जागा घेणार नाही. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून गुड्यात येतात, पण त्या मोजून कडी लावायला रोज माणूस लागतो. आठवड्याच्या शेवटी डोंबिवलीला जाल तेव्हा हे कोण करणार? उत्तर 'सासूबाई' असं असेल तर कळपाचा अर्धा कारभार त्यांचाच आहे आणि जाती-संख्येत त्यांचा शब्द तुमच्याइतकाच चालायला हवा.

आणि तेवढ्यावरून 'शास्त्रशुद्ध पद्धती'कडे येते. पत्रात तुम्ही सासूबाईंच्या पद्धतीला 'अंदाजपंचे' म्हटलंय. मला तसं वाटत नाही. कुठली कोंबडी चांगली आई आहे, अंडं आज येणार की उद्या, कोणती पाखरं मरगळलीयत, हे त्यांना बघून कळतं. त्यांच्याकडे जे नाही ते एकच, आणि ते तुम्ही आणा: लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाडीत शिरली की आठवड्यात गुडे रिकामे होतात. मान वाकडी, हिरवट पातळ शेण, पंख गळलेले; लागण झाल्यावर औषध नाही. म्हातारी माणसं 'कोंबड्यांची साथ आली' म्हणून सोडून देतात, कारण त्यांच्या काळात दुसरं काही हातात नव्हतं. आता आहे. पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याला पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी या त्याच रोगाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. देवीची लस सहाव्या आठवड्याच्या आसपास, पंखाच्या पातळ पडद्यात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण अशी की कुपी शंभर पाखरांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, बर्फात ठेवून. सहा कोंबड्यांसाठी कोणी ती फोडत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्या घरांनी मिळून एक सकाळ ठरवायची. सासूबाईंना घेऊन घरोघर जा. तुम्हाला नवी सून म्हणून 'बघू' म्हणतील, त्यांना नाही म्हणणार नाहीत. शेजारचे गुडे बिनलसीचे राहिले तर तुमच्या लसीचा उपयोगही निम्माच. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रातही जाऊन या, परसातल्या कोंबड्यांबद्दल तिथे बोलता येईल. एकाएकी बरीच पाखरं मेली तर ती खाडीत फेकू नका, खाऊही नका, दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने जे झालं ते आठवणारे अजून आहेत.

खाण्याचं थोडक्यात. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास लागतं. परसात हिंडणारी त्यातलं बरंच आपलं आपण उकरते. सकाळी थोडं, संध्याकाळी गुड्यात बोलवायला थोडं. कणी, कोंडा चालतो, पण नुसत्या भातावर अंडी येत नाहीत. सुकटीची धूळ, वाळवी, थोडा लेअर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, द्या. सुकट बिनमिठाची हवी, खारवलेल्या मासळीचं मीठ कोंबड्यांना बाधतं. अंड्याच्या कवचासाठी बाजारचा चुना नको, तिसऱ्यांची शिंपलं कुटून एका करवंटीत ठेवा, हवी तेवढी त्या टिपतात. खाद्याची गोण पावसात पंधरा दिवसांपुरतीच आणा, बुरशी लागलेलं खाद्य पाखरं मारतं. आणि कलमांवर मोहोराच्या वेळी फवारणी होते तेव्हा कोंबड्या बंद ठेवा, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवसही. झाडाखाली पडलेले किडे त्याच आधी टिपणार.

तेव्हा माझा कौल असा. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडीतल्या किंवा ओळखीच्या घरातून तीन-चार महिन्यांच्या पाच-सहा गावठी तलंगा घ्या. आठवडी बाजारातून नको, तिथे चार गावचे रोग एका टोपलीत बसलेले असतात. जास्त अंडी हवी वाटली तर त्यात दोन ग्रामप्रिया मिसळा. पहिलं वर्ष कोंबड्याविना काढा. विक्रीचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा: सहा गावठी कोंबड्यांची वर्षाची अंडी चारशेच्या आत-बाहेर, त्यातली घरात खाऊन, रवणीला ठेवून होमस्टेला थोडी देता येतील एवढंच. पहिली कोंबडी खुडूक झाली की वाडीतून अंडी आणून बसवा, आणि निघालेल्या नरांचं तुमच्या घरात नक्की काय होतं ते बघा. तुम्ही, सासूबाई आणि मुलगा ते निभावून नेऊ शकलात तर त्याच पिल्लांतला नको, दुसऱ्या घरातला एक कोंबडा आणा. आणताना त्याच्याकडे जरा उभं राहून बघा. दाणा दिसल्यावर स्वतः न खाता जो कोंबड्यांना बोलावतो तो घ्या. पोराटोरांच्या अंगावर धावून येणारा कितीही रुबाबदार असला तरी नको. तुमच्या मुलाचे डोळे त्याच्या नखीच्या उंचीवर आहेत. झुंजीच्या रक्ताचा असिल कोणी कौतुकाने देऊ केला तर नाही म्हणा. झुंजी १९६० च्या कायद्याने बंद आहेत आणि तो कोंबडा इतर कोंबड्यांना जगू देत नाही. आणल्यावर दोन आठवडे वेगळा डांबून ठेवा, मगच कळपात सोडा.

राहिले आगाऊ दिलेले पाचशे रुपये. विक्रेत्याला आज फोन करा आणि चाळीस पिल्लांऐवजी ऑक्टोबरात लसीकरण झालेल्या तलंगा देतो का विचारा. त्याने हो म्हटलं तर कुठल्या लसी, कुठल्या तारखेला दिल्या ते लिहून मागा. 'गिरिराज' म्हणून रंगवलेली पिल्लं टोपलीत घालून विकणाऱ्यांपैकी तो असेल तर नकोच, त्यात बहुतेक लेअर हॅचरीतले टाकाऊ नर असतात. आणि पैसे परत द्यायला तो का-कू करायला लागला तर सोडून द्या. जूनमध्ये चाळीस पिल्लांचं खाद्य, बल्ब आणि औषधं यावर पहिल्या दहा दिवसांतच त्यापेक्षा जास्त गेले असते.